बाद न होणारा मुलगा

सोमवारी तिसऱ्या तासाला खांबाचा पुढचा दात अर्धा तुटला, आणि तेव्हापासून शिट्टीबाईंचा पाय एका जागी ठरेना. तशा त्या मुळातच भिंगरी. बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईचं खुर्चीशी फारसं सख्य राहत नाही. पण ही भिरभिर वेगळी होती. साहित्याच्या खोलीत जायचं, चेंडूंची जाळी सोडायची, चेंडू मोजायचे, जाळी बांधायची, बाहेर पडायचं, आणि दारातून मागे फिरून तीच जाळी पुन्हा सोडायची. शिपाईमामांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा न राहवून विचारलं, "बाई, एखादा कमी भरतोय का?"

"नाही हो मामा. हाताला चाळा."

"मग माझ्याकडे झाडू आहे," मामा म्हणाले. माणूस सरळ होता, जीभ तेवढी तिरकी.

खांब म्हणजे सातवी अ मधला सगळ्यात उंच मुलगा. त्याचं खरं नाव हजेरीत असेल; मैदानावर तो खांबच. त्या दिवशी अ आणि ब तुकडीची पोरं मिसळून डॉजबॉल होता. दोन संघ, मध्ये चुन्याची रेघ, पलीकडच्याला चेंडू मारायचा, लागला की तो बाद, आणि बाद झालेल्यानं कडेच्या रांगेत जाऊन बसायचं. खांबानं चेंडू उचलला, पाय रोवला आणि समोरच्या मुलाच्या पाठीत असा हाणला की आवाज वर मास्तरांच्या खोलीपर्यंत गेला. तो समोरचा मुलगा त्याच्याच वर्गातला, शिट्टीबाईंचा भाचा होता. सख्ख्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक.

भाचा नऊ वर्षांचा असताना त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मैदानावर परत आला तेव्हा बाईंनी त्याच्यासाठी एक नियम केला. नियम कसला, आपण सगळे लहानपणी पाळतो तोच. घरातलं शेंडेफळ "मला पण खेळायला घ्या" म्हणून भोकाड पसरतं, मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. त्यानं पळायचं, ओरडायचं, पकडलं गेलं तरी राज्य त्याच्यावर येत नाही. शेंडेफळ खूश, खेळही चालू. तसा भाचा लिंबूटिंबू. त्याला चेंडू जोरात मारायचा नाही, आणि लागला तरी तो बाद नाही. पहिल्या वर्षी कुणाला काही वाटलं नाही. आता भाचा साडेबारा वर्षांचा होता, आवाज फुटायला लागला होता, आणि नियम आपला जागच्या जागी होता.

तर चेंडू पाठीत बसला आणि भाचा कडेच्या रांगेकडे चालायला लागला. बाईंनी नेहमीप्रमाणे शिट्टी फुंकली. "ए, तो धरायचा नाही! लिंबूटिंबू आहे तो. आत ये रे, आत ये."

ब तुकडी अ तुकडीबरोबर पहिल्यांदाच खेळत होती. ती चाळीस पोरं एकदम खो-खो हसली. खांब घाबरून ओरडला, "चुकून लागला बाई, चुकून!" आणि भाचा जागेवर वळला, पळत आला, आणि दोन्ही हातांनी त्यानं खांबाला असं ढकललं की तो गिरकी खाऊन मागच्या लांब उडीच्या खड्ड्याच्या सिमेंटच्या कडेवर तोंडावर पडला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मंगळवारीच शिट्टीबाईंना आत बोलावलं.

"शुक्रवारी तुमचा तो गोल घ्या," त्या म्हणाल्या. "त्यातून काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर मुलगा पंधरा दिवस घरी, आणि खेळाच्या तासाला कायमची सुट्टी. तुमचा भाचा आहे म्हणून मला जरा जास्तच कडक व्हावं लागेल. समजतंय ना?"

"समजतंय."

गोलाची गोष्ट अशी. पूर्वी मैदानावर मारामारी झाली की शिट्टीबाईही इतर सगळ्यांसारख्याच पळायच्या फेऱ्या द्यायच्या आणि उठाबशा काढायला लावायच्या. त्यानं पोरांच्या पोटऱ्या मजबूत झाल्या, भांडणं होती तिथंच राहिली. मग तीन वर्षांपूर्वी त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना ही पद्धत घेऊन आल्या. भांडण ज्याला ज्याला लागलं त्या सगळ्यांनी गोल करून बसायचं. रिलेचं बॅटन ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. तीनच प्रश्न. काय झालं? कुणाला काय लागलं? आता काय केलं म्हणजे बरं होईल? नको असेल त्यानं न बोलता बॅटन पुढे द्यावं. एवढंच. पण एवढ्याशानं मैदानावरची पोरं बदलली होती, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गणिताचे सर मात्र म्हणायचे, "आमच्या गोलाला परीघ असतो, बाईंच्या गोलाला नुसती पोकळी." बाई हसून सोडून द्यायच्या. आत्तापर्यंत त्या गोलात नेहमी विचारणाऱ्या होत्या, आणि विचारणाऱ्याला हसणं परवडतं.

या वेळी परवडत नव्हतं, कारण त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात एक कागद होता.

दीड वर्षापूर्वी ताईनं स्वतः आणून दिलेला. हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र. ओळी मोजून दोन: मुलाची प्रकृती पूर्ण बरी आहे, त्याला इतर मुलांप्रमाणे कोणत्याही बंधनाशिवाय खेळू द्यावं. ताईनं कागद टेबलावर ठेवला होता, पण त्यावरचं बोट काही काढलं नव्हतं.

"डॉक्टरांचं काय जातं गं?" ती म्हणाली होती. "त्यांनी दिवसाला तीस पोरं बघायची. मला एकच आहे. अजून एक वर्ष जाऊ दे. तू आहेस म्हणून मी त्याला मैदानावर पाठवते, नाहीतर लायब्ररीत बसवला असता. आणि त्याला सांगू नकोस. कळलं की उड्या मारेल."

आणि शिट्टीबाई बरं म्हणाल्या होत्या. ताईला नाही म्हणायची सवय त्यांच्या अंगी नव्हतीच. आई लवकर गेली, तेव्हापासून वेणी ताईनं घातली, आजारपण ताईनं काढलं, आणि खेळाच्या कॉलेजात नाव घालायला वडील तयार नव्हते तेव्हा दारात आडवी उभी राहिली तीही ताईच. ऑपरेशनच्या दिवशी आठ तास दोघी बहिणी दवाखान्याच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि ताईनं बाईंचा हात इतका घट्ट धरला होता की मनगटावर आठवडाभर वळ होते. अशा माणसाला एक वर्ष दिलं तर काय बिघडलं? एकाचं दीड झालं. खरं सांगायचं तर भीती शिट्टीबाईंनाही होती. त्यांनी ती ताईच्या नावावर खपवली होती, इतकंच.

बुधवारी त्यांनी तो कागद खणातून काढून पर्समध्ये ठेवला. दुपारी पर्समधून काढून परत खणात. सुट्टीत पुन्हा पर्समध्ये. पाचवीच्या पोरींना दोरीच्या उड्या मारायला लावून स्वतः दुसऱ्याच टोकाला बघत बसल्या, आणि पोरी बिचाऱ्या थांबा म्हणेपर्यंत उड्या मारत राहिल्या. एकीनं शेवटी दोरी टाकली आणि म्हणाली, "बाई, दोनशे झाल्या. आता आम्ही मरू का?"

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या टपाल कचेरीत गेल्या. ताई तिथं खिडकीवर काम करते. रजिस्टर पत्रं, पार्सलं, तराजू. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून बोलायचं. समोर दोन माणसं होती, बाई रांगेत उभ्या राहिल्या. धाकटी बहीण म्हणून मधे घुसायची हिंमत त्यांना चाळिशी उलटल्यावरही होत नव्हती.

"पाकीट कुठाय?" ताईनं मान वर न करता विचारलं.

"ताई, मी आहे."

"दिसलं मला. पाकीट नसेल तर मागच्यांना येऊ दे."

"उद्याचं बोलायचंय. त्याला सांगू या ना आता. त्या कागदाचं."

ताईनं शिक्का उचलला आणि एका पार्सलावर इतक्या जोरात हाणला की तराजूचा काटा हलला. "त्यानं एका पोराचा दात पाडला. आणि तू म्हणतेस, त्याला आणखी मोकळा सोडू? धक्का देतानाच त्याला काही झालं असतं तर? रात्री झोपेत मी त्याचा श्वास बघते, ठाऊक आहे तुला? अजून."

"ठाऊक आहे."

"मग ऐक. उद्या त्या गोलात तू त्या कागदाचं नाव काढलंस, तर तुझं-माझं संपलं. मी उगीच बोलत नाही." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्याशिवाय माझं आहे कोण गं? अशी वेळ आणू नकोस माझ्यावर."

मागचा म्हातारा खाकरला. शिट्टीबाई बाजूला झाल्या. रस्त्यावर आल्या आणि बसच्या थांब्यावर उभं राहण्याऐवजी शाळेपर्यंत चालत गेल्या, चालत म्हणजे जवळजवळ पळतच, आणि तरी तासाला सात मिनिटं उशीर झालाच.

शुक्रवारी चारला व्यायामाच्या हॉलमध्ये गोल बसला. जमिनीवर चटया, रबराचा आणि घामाचा तो नेहमीचा वास. खांब आणि त्याचे वडील, भाचा आणि ताई, आणि शिट्टीबाई. मोठ्या बाई गोलाबाहेर खुर्चीवर, मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. खांबाचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरूनच आले होते, नखांत ग्रीस होतं. ते चटईवर मांडी घालून बसले खरे, पण चेहरा असा की कुणीतरी त्यांना भातुकलीला बसवलंय.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि बॅटन खांबाकडे दिलं.

"मी चेंडू मारला, त्याला लागला, त्यानं मला ढकललं," खांब म्हणाला. तुटक्या दातातून हवा जात होती, त्यामुळे अर्धे शब्द निसटत होते. "चुकून लागला होता." हे शेवटचं तो स्वतःच्या गुडघ्यांना म्हणाला.

वडिलांनी बॅटन घेतलं, पान्यासारखं उलटसुलट करून पाहिलं. "मी सरळ माणूस आहे. पोरं भांडतात, आम्हीही भांडलो. पण ज्यानं पाडला त्याला काहीतरी शिक्षा हवी. इथं गोल बसून माझ्या पोराचा दात काही उगवणार नाही."

बॅटन भाच्याकडे आलं. त्यानं ते न बोलता आईकडे सरकवलं.

ताई तयारच होती. "दात तुटला ते वाईटच झालं. मी माफी मागते. पण आधी हे विचारा की माझ्या आजारी मुलाच्या पाठीत एवढ्या जोरात चेंडू का मारला? सगळ्या शाळेला माहीत आहे. नियम आहे. तो घाबरला, म्हणून त्याचा तोल सुटला. त्याच्या जागी कुणीही—"

"मी घाबरलो नव्हतो," भाचा म्हणाला.

"बॅटन," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा हात चटईची दशी ओढत होता. एक दशी, दुसरी, तिसरी.

दुसऱ्या फेरीचा प्रश्न: कुणाला काय लागलं? बॅटन पुन्हा खांबाकडे गेलं आणि तिथं अडलं. तो ते गुडघ्यावर घोळवत राहिला. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या वडिलांनी कोपरानं ढोसलं.

"चुकून नव्हता लागला," खांब एकदम म्हणाला. "नेम धरून मारला होता. यानंच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" वडील बॅटन-बिटन विसरले.

"की मला खरा मार. सगळ्यांना मारतोस तसा. आठवडाभर माझ्या मागे लागला होता. मी म्हटलं बाई ओरडतील. तर म्हणाला ओरडू देत, मला एकदा तरी बाद व्हायचंय. मग मी मारला. आणि बाईंनी शिट्टी फुंकल्यावर माझी फाटली, म्हणून मी चुकून म्हणालो." त्यानं नाक पुसलं. "तो हसत चालला होता बाई. रांगेकडे. तुम्ही बघितलं नाही."

शिट्टीबाईंना आता आठवलं की भाचा खरंच हसत होता. त्यांनी ते पाहिलं होतं आणि वेदनेनं तोंड वाकडं झालंय असं धरून चालल्या होत्या.

या वेळी भाच्यानं बॅटन पुढे दिलं नाही.

"बाद झालेली मुलं रांगेत बसतात ना," तो म्हणाला, आणि त्याचा फुटका आवाज मधेच वर गेला, "तिथं सगळं घडतं. तिथं गप्पा होतात, कुणाचं कुणाशी जमतं, कुणाला काय नाव ठेवायचं ते तिथं ठरतं. वर्गात आल्यावर सगळे कशावर तरी हसतात आणि मला माहीतच नसतं. मी कधीच तिथं नसतो. सगळे बाद होतात आणि मी एकटा आत उरतो. मग बाई टाळ्या वाजवतात, म्हणतात जिंकला. तीन वर्षं रोज मीच जिंकतोय. त्या दिवशी मी बाद झालो होतो. खरंच झालो होतो. आणि बाईंनी सगळ्यांसमोर परत आत घेतलं. याच्यावर राग नव्हता माझा. पण हासुद्धा 'चुकून लागला' म्हणाला, मग मला कुणीच उरलं नाही."

त्यानं बॅटन आईसमोर धरलं. ताईनं हात पुढे केला नाही. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि ती मुलाकडे नाही, बहिणीकडे बघत होती. मग भाच्यानं बॅटन शिट्टीबाईंच्या हातात दिलं.

नको असेल त्यानं पुढे द्यावं, असा नियमच होता. त्यांनीच केलेला. पुढे म्हणजे खांबाकडे, म्हणजे तिसरा प्रश्न, म्हणजे दोन मुलांचे हात हातात, मोठ्या बाईंची मान डोलली, आणि सगळे घरी. मुलगा शाळेत राहिला असता. ताई राहिली असती. कागद खणात राहिला असता. एवढं सोपं होतं, आणि बाईंना ते इतकं हवंसं वाटलं की बॅटन खांबाच्या दिशेनं थोडं सरकलंही.

"मला काय लागलं ते नाही सांगत," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे काय लागलं ते सांगते. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांचं पत्र आलं. तू पूर्ण बरा आहेस, असं. बाकीच्या मुलांसारखं खेळायचं, कसलंही बंधन नाही, असं. ते माझ्या खणात आहे. मी तुला सांगितलं नाही."

"बस कर," ताई म्हणाली.

"नियम मी केला होता, मीच मोडायला हवा होता. मोडला नाही, कारण—"

"बस कर म्हणते ना मी!"

तेव्हा लिफ्टवाले वडील, ज्यांना हा सगळा प्रकार भातुकली वाटला होता, खाली मान घालून म्हणाले, "ताई, बॅटन त्यांच्याकडे आहे." चिडून नाही, अगदी समजुतीनं म्हणाले.

"कारण मला भीती वाटत होती," शिट्टीबाई म्हणाल्या. "तुझ्या आईलाही वाटत होती, पण तिनं तुला जन्म दिलाय, तिचा तो हक्क आहे. मी इथं तुझी बाई होते. माझं काम वेगळं होतं. माझं चुकलं."

भाचा त्यांच्याकडे वळला. शाळेत तो त्यांना कधी चुकूनही मावशी म्हणत नसे. दोघांचा तसा करारच होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"दोन वेळा स्पोर्ट्स डे झाला. मी पाणी वाटलं. तुला माहीत होतं?"

"हो रे."

त्यावर त्यानं रडावं, ओरडावं, असं बाईंना फार वाटलं. तो नुसता बोटांवर काहीतरी मोजत होता. महिने असतील.

तिसरा प्रश्न कुणी विचारावाच लागला नाही. खांबानं स्वतःहून सांगितलं की दात बसवायला तीन वेळा जायचं आहे आणि त्याला त्या मशीनची भीती वाटते, तर यानं बरोबर यावं आणि शेजारी बसावं. बाहेर नाही, आत. "एवढा मोठा घोडा आणि मशीनला भितो," वडील म्हणाले, पण त्यांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "येशील ना?" भाचा म्हणाला, येईन. शिक्षेचं मग त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"आणि तुला काय हवंय?" मोठ्या बाईंनी खुर्चीवरून विचारलं. त्यांच्याकडे बॅटन नव्हतं, पण कुणी हटकलं नाही.

"बाईंनी मला सोमवारी खेळात घ्यावं. सगळ्यांसारखं." भाचा म्हणाला. "आणि मावशीनं काही दिवस आमच्या घरी येऊ नये."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. उठली, चपला घातल्या, आणि दारात थांबून धाकट्या बहिणीला म्हणाली, "झालं समाधान?" उत्तराला थांबली नाही.

सोमवारपर्यंतचे दोन दिवस शिट्टीबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दर रविवारी दुपारी त्या ताईकडे जेवायच्या. गेली पंधरा वर्षं त्यात खंड नव्हता. या रविवारी साडेबाराला त्या सवयीनं तयार होऊन दारापर्यंत गेल्या, मग परत आल्या आणि उभ्याउभ्याच काहीतरी खाल्लं. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. घरातली प्रत्येक खिडकी पुसून झाली. मनात एकच घोळत होतं: उद्या तो पडला तर? डॉक्टर चुकले असतील तर? खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहीण नसावी.

सोमवारी तिसऱ्या तासाला पुन्हा अ आणि ब, पण आज तुकडी विरुद्ध तुकडी. ऊन चांगलंच वर आलं होतं. बाईंनी चुन्याची रेघ स्वतः मारली, दोनदा, कारण पहिली वाकडी आली. पोरं जमली तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "आजपासून लिंबूटिंबू कुणी नाही. लागला तो बाद." पोरांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा बुटाची नाडी बांधत होता, बांधलेलीच पुन्हा.

बाईंनी सहज कुंपणाकडे पाहिलं. तारेच्या जाळीपलीकडे, रस्त्यावर, ताई उभी होती. टपाल कचेरीची निळी साडी, खांद्याला पिशवी, दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे. बाईंनी हात वर केला नाही. तिनंही नाही.

खेळ सुरू झाला. तिघं बाद होऊन गेल्यावर चेंडू भाच्याकडे यायला लागले; पहिला कानावरून गेला. दुसरा त्यानं वाकून चुकवला, चुकवता चुकवता एका हातावर पडला आणि उठला. ब तुकडीत चष्मेवाली एक बारकी मुलगी होती, अंगानं काडी पण हातात तोफ. तिच्याकडे चेंडू आला. तिनं कुणाकडे बघितलं, कशाचा विचार केला, काही कळलं नाही. चेंडू सुटला आणि थेट भाच्याच्या छातीवर बसला. मधोमध.

शिट्टीबाईंचा उजवा पाय आपोआप पुढे पडला. जाळी खणखणली ती त्यांनी ऐकली. ताईनं ती हलवली असणार. धावत जावं, त्याला खाली बसवावं, हात ठेवून ठोके बघावेत, सगळं अंग तेवढंच सांगत होतं. त्यांनी तो पाय मागे घेतला. आयुष्यात त्यांनी बऱ्याच शर्यती धावल्या असतील, पण तो एक पाय मागे घ्यायला जितकं बळ लागलं तितकं कधी लागलं नव्हतं.

भाचा छाती चोळत उभा होता. चेहरा लालबुंद. मग त्यानं हात झटकला आणि बोंब ठोकली, "बाई! तिचा पाय रेघेच्या पुढे होता! फाउल आहे हा! मी बाद नाही!"

"नव्हता पुढे!" चष्मेवाली किंचाळली.

"होता! बघा ना बाई, चुना फिसकटलाय! खोटारडी!"

"तूच खोटारडा!"

ब तुकडी ओरडायला लागली, अ तुकडी ओरडायला लागली, खांब अर्ध्या दातानं सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. बाई रेघेपाशी गेल्या आणि खाली वाकून बघितलं. चुना जागच्या जागी होता. पाय रेघेच्या आतच होता. त्यांनी मान वर केली तर भाचा त्यांच्याकडे बघत होता, आणि कुंपणापलीकडून ताईही बघत होती, आणि दोघांच्या नजरेत अगदी सारखा हट्ट होता.

बाईंनी हात कडेच्या रांगेकडे केला. "बाद."

"बाई, हे चीटिंग आहे!"

"बाद म्हटलं ना? चल, नीघ."

तो पाय आपटत निघाला. जाताना चेंडूला एक लाथ घातली. रांगेत आधीच तिघं बसली होती; त्यांनी थोडं सरकून जागा केली. तो धपकन बसला, गुडघ्यांवर हात टाकले आणि बाईंकडे रोखून बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. काय ते त्यांना ऐकू आलं नाही, पण शेजारची तिघंही तोंडावर हात दाबून खुसखुसायला लागली, आणि मग तोही.